डोंगर चढणारं जहाज

जहाजावर नोकरी करणारे आम्ही तिघं सुट्टीत बोईसरच्या चहाच्या टपरीवर भेटतो. बोलायला तिघंही तयार, ऐकायला कोणीच नाही! सगळ्यात जास्त किस्से साठलेत ते पनामा कालव्याचे. याच कालव्यापायी आमच्या दिनेशचं लग्न मोडायला आलं होतं, पण ते शेवटी सांगतो.

*

आमच्यातला लहानू डोंगरातला. घरी पावसावरची नागलीची शेती. पहिल्याच खेपेला आमचं जहाज कालव्याबाहेर बरेच दिवस अडकलं. वरच्या तळ्याच्या पाण्यावर कालवा चालतो, आणि पाऊस कमी म्हणून मोजकीच जहाजं सोडत होते.

लहानू डोक्याला हात लावून म्हणाला, "पावसाची वाट बघायला नको म्हणून तर घर सोडलं!"

*

कालव्यात शिरलं की जहाज तिथल्या पायलटच्या, म्हणजे वाटाड्याच्या, ताब्यात जातं. आमचे कॅप्टन कडक, पण त्या दिवशी नुसते बाजूला उभे. मी कुक. खाली गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, वर जहाज चालवतात त्या ब्रिजवरून कॅप्टनचा फोन आला. म्हटलं, काय झालं बाबा!

"वरणात मीठ घातलंस का?"

*

आता दिनेश. मुरबे गावच्या एका मच्छीमार तांडेलाची मुलगी त्याला पसंत होती, तिलाही तो. बघायला गेल्यावर हा ऐटीत म्हणाला, "मामा, तिथे डोंगर फोडून कालवा खणलाय. आमचं जहाज डोंगर चढून पलीकडे उतरतं."

"फोडला, तर चढतं कशावर?" तांडेल म्हणाला. "थापाड्याला पोरगी देनार नाय."

दिनेशने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. तांडेलाने बघितलाच नाही. "मोबाइलमदी काय पन दिसतं."

*

दिनेशचं जेवणच सुटलं. मला वाईट वाटलं, म्हणून मी मध्यस्थ होऊन त्याच्याबरोबर गेलो. तांडेल धक्क्यावर जाळं दुरुस्त करत होता. ओहोटी होती, त्याची बोट खाली गाळात बसलेली.

दिनेश म्हणाला, "मामा, भरतीला ही बोट धक्क्याच्या बरोबरीला येते ना? तसंच. डोंगर पूर्ण खणणं जमेना, म्हणून वर तळं केलं. जहाज मोठ्या हौदात घेऊन दरवाजे लावतात, वरचं पाणी सोडतात, जहाज वर येतं. उतरताना उलटं."

तांडेलाचे हात थांबले. त्याने बोटीकडे बघितलं. दिनेशने माझा दंड घट्ट धरला होता.

"म्हंजे भरती त्यांच्या हातातली?"

"हो. एक माणूस बटण दाबतो."

"बटन?"

"बटण."

तांडेलाने जाळं बाजूला ठेवलं. "पोरगी दिली," तो म्हणाला. "पन लग्नाला त्या बटनवाल्याला घेऊनच ये. माजी बोट सकाळपासून गाळात बसलीय."