दोन्ही खांद्यांवरून

म्हैसूरला आमच्या गल्लीत राहणारा एक फुटबॉलपटू बाहेरगावच्या क्लबांकडून पगारावर खेळायचा, मधल्या फळीत. दुकानात दुधाची पिशवी हातात घेण्याआधीही तो दोन्ही खांद्यांवरून मागं बघायचा. मी एकदा कारण विचारलं.

"बॉल यायच्या आधी मागं कोण आहे ते ठाऊक पाहिजे, अण्णा. एवढंच, अष्टे," शेवटचा शब्द त्यानं कानडीत टाकला.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लबानं करार वाढवला नाही, आणि ते मागं बघणंही थांबलं. पिशवी उचलून तो खाली मान घालून निघायचा. भलते प्रश्न विचारायची आमच्या गल्लीला भारी हौस, पण त्याला कुणी काही विचारलं नाही.

काल दुकानदारानं पिशवी पुढं केली. ती घेण्याआधी त्यानं डावीकडून मागं पाहिलं, मग उजवीकडून. मागं मीच होतो. त्याला वळायला जागा हवी म्हणून मी दोन पावलं सरकलो.