श्रद्धांजलीची दोन मिनिटं

कुणी "दोन मिनिटं उभं राहू या" म्हटलं, की मला महापालिकेची प्रेक्षक गॅलरी आठवते. ना पगार ना ओळखपत्र, तरी आम्ही काही जण प्रत्येक सभेची बातमी मोबाइलवरून लोकांपर्यंत पोचवायचो. शहरात नव्याने घेतलेल्या गावातली एक बाई शेजारी बसायची. तिच्या वस्तीच्या पाण्याचा विषय यायच्या आतच दर वेळी श्रद्धांजली व्हायची आणि सभा तहकूब. त्या दिवशीही खाली सभागृहात सगळे नगरसेवक माना खाली घालून उभे राहिले, नुसते पंखे ऐकू येत होते, आणि कठडा धरून ती ओरडली, "नळाला गटाराचं पानी येतंय, लेकरं दवाखान्यात हायती!" एकही मान वर झाली नाही. "अहो, श्रद्धांजली चाललीय," रखवालदार तिला बाहेर नेत म्हणाला. "मग बोलू कवा? एरवी गोंधळात ऐकतंय कोण?" सभा तहकूब झाली. आजही अशी शांतता पसरली, की कुणीतरी ओरडेल म्हणून मी वाट बघतो. कुणी ओरडत नाही. मीही नाही.