इस्त्री केलेला ठिपका

ठिपकेकाकांना हे नाव का पडलं, ते कळायला त्यांच्या लॅबमध्ये एक चक्कर मारली तरी पुरे. टेबलावर जाड कागदाची कार्डं मांडलेली असतात, प्रत्येक कार्डावर कुठल्या तरी बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताचे वाळलेले ठिपके असतात आणि त्यांच्यावर ओणवे झालेले काका असतात. खरं आडनाव त्यांना स्वतःलाही वीजबिल आल्यावरच आठवत असावं.

लॅब म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. लाखात एखाद्याला होणारे जन्मजात आजार इथे तपासतात, तेही बाळाच्या आईला बांगड्या मोडायला न लावता. ही करामत मॅडमची. मॅडम म्हणजे लहान मुलांच्या डॉक्टर, लॅबच्या मालकीण आणि पडेल ते काम करणाऱ्या. महागडी यंत्रं परवडणार नाहीत म्हणून त्यांनी रंग बदलणाऱ्या साध्या तपासण्या बसवल्या, आणि उबेची पेटी म्हणून एक भंगारातला फ्रिज आणून त्यात बल्ब आणि तापमान राखणारं यंत्र लावलं. उभ्या आयुष्यात ज्याने एक बाटली धड गार केली नाही तो म्हातारपणी ऊब द्यायला लागला, हा काकांचा आवडता विनोद. आल्यागेल्याला तो एकदा ऐकावा लागे, मॅडमना रोज.

काकांची सगळ्यात लाडकी तपासणी एकच. आपलं शरीर एक जीवनसत्त्व पुन्हा पुन्हा वापरतं, घासलेली भांडी परत मांडावीत तसं. घासायचं हे काम एक एन्झाइम करतं. एखाद्या बाळात ते जन्मतःच नसतं. मग झटके येतात, अंगावर चट्टे उठतात, केस गळतात, आणि उशीर झाला तर कानही जातात. औषध मात्र अगदी साधं: त्याच जीवनसत्त्वाची गोळी, रोज एक, जन्मभर. तपासणीही तशीच सोपी. ठिपका द्रावणात भिजवून उबेला ठेवायचा. शेवटी रक्ताची लाली निथळून टाकली की, एन्झाइम असेल तर रंग जांभळा दिसतो, नसेल तर पांढराच.

काकांच्या नशिबी वर्षानुवर्षं नुसता जांभळा. म्हणजे बाळाला हा आजार नाही, दुसरीकडे शोधा. दुसऱ्याच्या लेकरात खोट निघावी असं कोण म्हणेल? पण आजारी बाळ समोर असताना ‘हेही नाही’ एवढंच सांगत बसायचा काकांना कंटाळा आला होता. बायकोने एकदा पडदे जांभळे घेऊ म्हटल्यावर ते भरल्या ताटावरून उठले होते.

अशात इस्त्रीवाल्याची मुलगी मॅडमकडे आली. काही महिन्यांचं पोर, दिवसातून कितीदा तरी झटके, आणि डोकं तर आजोबांसारखं गुळगुळीत. मॅडमनी आईबापांना समोर बसवून काही लपवलं नाही. दोन-तीन आजारांपैकी एक असू शकतो. बाकीच्यांना फारसा इलाज नाही, या एकाला आहे. आईने पदर तोंडाशी नेला आणि म्हणाली, “मग हाच निघू दे.”

मॅडमनी टाच टोचून ठिपके घेतले आणि कार्ड बापाच्या हाती दिलं. सावलीत, हवेवर वाळव आणि सकाळी लॅबवर पोचव. गोळी उद्यापासून सुरू करू. सकाळी इस्त्रीवाला जिना चढला तो दोन्ही तळहातांवर कार्ड धरून, नवाकोरा सदरा आणावा तसा.

दुपारी काकांनी पेटी उघडली. निरोगी माणसाचा जोडीला ठेवलेला ठिपका गर्द जांभळा. मुलीचा पांढराफटक. काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. पांढराफटकच. मग काय, काका हवेत. मॅडमना फोन केला, इस्त्रीवाल्याला केला, खाली जाऊन चष्मेवाल्याला चहा पाजला आणि आजार सापडल्याचं असं काही सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटावं घरी नातू झाला.

परत आल्यावर ते कार्ड पाकिटात घालायला गेले आणि बोट थबकलं. रक्त वाळलं की कागद थोडा तरी आखडतो, ठिपक्याभोवती उचलला जातो. हे कार्ड फळीसारखं सपाट होतं. कडा तर इतक्या कडक, की दाढी झाली असती. त्यांनी इस्त्रीवाल्याला पुन्हा फोन लावून कार्ड कसं वाळवलं ते विचारलं.

“हवा दमट होती ना काका,” तो अभिमानाने म्हणाला. “तुम्हाला ओलं कसं देणार? वर सुती फडकं टाकलं आणि हलक्या हाताने फिरवली. डाग इकडचा तिकडे होऊ दिला नाही.”

काकांनी कपाळाला हात लावला. उष्णतेने एन्झाइम मरतं. असं भाजलेलं कार्ड एखाद्या पैलवानाचं असतं, तरी पांढरंच निघालं असतं. म्हणजे सापडलं होतं ते काहीच नाही, आणि गावभर सांगून मोकळे झालेले आपणच. त्यांनी मॅडमना फोन केला तेव्हा आवाज उंदरासारखा झाला होता. मॅडम म्हणाल्या, गोळी आज संध्याकाळीच सुरू करते, तिने अपाय काही नाही. पण आजार दुसरा असेल तर हातचे दिवस जातील, म्हणून खात्री पाहिजे. गोळीच्या आधी मुलीचे ठिपके पुन्हा घ्या, आणि त्याच कार्डावर बापाचेही. कार्डाचं काही बिघडलं, तर बापाचा रंगही जाईल आणि आपल्याला कळेल.

तिघं आली. इस्त्रीवाल्याची मान खाली. कोणी रागावायच्या आत बायकोनेच त्याची खरडपट्टी काढली.

“यांना घरात चुरगळलेलं काही बघवतच नाही. पोरीच्या कपाळाला आठी पडली तरी यांचे हात शिवशिवतात.”

“मीही कमी घाई केली नाही,” काका पुटपुटले. “सापडलं म्हणून आधी ओरडलो मीच.”

“तुमचं ठीक आहे हो काका, तुमच्या हातात इस्त्री नव्हती.”

मुलगी टोचताना जरा किरकिरली. बापाने मात्र सुई दिसताच डोळे मिटले आणि मुलीचाच पाय घट्ट धरून ठेवला. कार्ड वाळेपर्यंत आई खिडकीपाशी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसली आणि नवऱ्याला तिने दाराच्या अलीकडे येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडताना काका एकटे नव्हते. मॅडमना त्यांनी आधीच बोलावून घेतलं होतं, आणि फोन स्वतःहून दुसऱ्या खोलीत ठेवला होता. निरोगी ठिपका गर्द जांभळा. बापाचा फिका, पण जांभळाच. मुलीचा पांढरा. काकांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी दोनदा निरखून मान डोलावली.

“आता ओरडा,” त्या म्हणाल्या.

आणि काकांना ओरडता येईना. ते चष्मा काढून पुसत बसले.

बापाचा रंग फिका का, हे मॅडमनी दोघांना समजावलं. हे एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात; त्याच्यात एक चांगली, एक बिघडलेली. आईचंही तसंच असणार. मुलीच्या वाट्याला नेमक्या दोन्ही बिघडलेल्या आल्या.

“म्हणजे अर्धं यांचं आणि अर्धं माझं?” आईने विचारलं.

“अगदी निम्मं निम्मं. आणि चूक कोणाचीच नाही.”

“तेवढं आमच्या सासूबाईंना कोणीतरी सांगा. आतापर्यंत सगळं माझ्याच माहेराहून आलंय.”

“आईला मी सांगतो,” इस्त्रीवाला म्हणाला. लॅबमध्ये आल्यापासून पहिल्यांदाच त्याची मान वर होती.

झटके आठवडाभराच्या आत थांबले. मग चट्टे विरले. गोळी आईच्या दुधात कुस्करून द्यायची, आणि ती द्यायचा मान कोणाचा यावरून आता नवराबायकोत भांडण होतं असं ऐकून काका खूश.

पुढच्या तपासणीला मुलगी आली ती डोक्यावर मऊ, काळी लव घेऊन. सगळ्यांनी त्या लवेवरून हात फिरवला, चष्मेवाल्यानेही वर येऊन. मॅडमना मात्र कानांची काळजी होती. तिला आईच्या मांडीवर बसवून त्या मागे गेल्या आणि किल्ल्यांचा जुडगा हळूच वाजवला. मुलीने मान वळवली. दुसऱ्या बाजूने वाजवला. पुन्हा वळवली, आणि या वेळी हसलीही.

तपासणी तिथे संपली होती. बाहेर बाकावर माणसं ताटकळली होती. तरी मॅडमनी किल्ल्या आणखी कितीतरी वेळा वाजवल्या, नुसत्या हौसेने. मग जुडगा काकांच्या हाती दिला.