अर्ध्या बाह्यांचा शर्ट

लंडनमधल्या ईलिंगच्या आमच्या शेअर्ड घरात वरच्या खोलीत राहणारा नागपूरकर हिवाळाभर घरातसुद्धा जॅकेट आणि कानटोपी घालून वावरतो. अर्धा पगार भाड्यात जातो, म्हणून हीटिंग आम्ही कोणीच लावत नाही. रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला की मात्र तो सगळं उतरवून अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसतो. "इथं घरं गरमच असतात न, आई."

परवा त्याचे मामा पलीकडून म्हणाले, "मग धाकट्यालाही तिकडेच बोलाव."

"बोलावतो न."

माझं डोकंच फिरलं. लंडनचा पगार सगळ्या नातेवाइकांना तोंडपाठ, भाडं एकानेही विचारलेलं नाही, आणि हा त्यांना विचारूही देत नाही. त्याला चांगलं फैलावर घेणार, तेवढ्यात माझ्या आईचा कॉल आला.

मी आधी स्वेटर काढला.