ज्ञानू जमदाडेच्या व्हॅनचं छत

लढाईवरून येताना कुणी कांबळं आणलं, कुणी मनगटावरचं घड्याळ आणलं. नांद्र्याच्या ज्ञानू जमदाडेनं सेहेचाळीस साली लष्कराच्या लिलावातून एक म्हातारी व्हॅन आणली. तीसुद्धा जखमी शिपायांना निजवून न्यायची! आत दोन्ही बाजूंना स्ट्रेचर टेकवायचे लोखंडी हूक, बसायला एक फाटकी कातडी गादी, आणि छताचं कापड जळमटासारखं लोंबलेलं. गावाची चार महिन्यांची करमणूक झाली. पाणवठ्यावर बाया त्याच्या बायकोला, अंजनाला विचारायच्या, "सवत बरी हाय का गं?"

अंजना घागर विसळत म्हणायची, "बरी हाय की. तिच्यापाशी दिसभर, माज्यापाशी भाकरीपुरता."

खरं सांगायचं तर ज्ञानू कुणापाशीच नव्हता. पाच वर्षं बसऱ्यापासून इटलीपर्यंत गाड्या हाकून तो असा दमला होता, की झोपून उठला तरी दमलेलाच असायचा. गाडी चालवण्यापलीकडं दुसरं काही आता आपल्याच्यानं होणार नाही, एवढं त्याला पक्कं कळलं होतं. थोरल्या भावाला, नाथाजीला मात्र ते कळत नव्हतं. उसाला पाणी पाजायला माणूस हवा, आणि हा गडी गाडीत बसून छताकडं बघतोय!

अशात एक दिवस धरणेंद्र मगदूम दारात आला. गावचा मोठा जैन बागायतदार, सांगलीच्या पेठेत हळदीचं दुकान, आणि घरात आईपुढं मांजर.

"ज्ञानू, आमच्या आव्वाला आयतवारी बाहुबलीच्या डोंगराला न्यायचंय. बैलगाडीत बसंना झालीय. मागल्या खेपेला गाडीवानानं बैलाला पराणी टोचली, तर मधनंच उतरली आनि चालत घरला आली."

"न्हेतो की, अण्णा."

"आदी ऐक. आत कातडं नको. आनि सुताराच्या त्या सरसाला हात लावू नको. हाडं-कातडी उकळून करत्यात त्यो. आव्वा पयला वास घेनार, मग पाय टाकनार. तिला पटली, तर भावकीतल्या समद्या बाया तुज्याच गाडीनं जातील बघ."

ओसरीवरून नाथाजीनं हे ऐकलं. "ठरलं तर मग. आयतवारी आव्वा बसली तर गाडी ठेव. न्हाई बसली तर सोमवारी भंगारवाला, आनि तू उसात. काय?"

ज्ञानूनं नुसती मान हलवली. वाद घालायलाही अंगात जोर लागतो.

अर्जुना सुतार सरसाशिवाय काम करायला तयार होईना, तेव्हा ज्ञानूनं स्वतःच हात घातला. कातडी गादी उचकटून टाकली. स्ट्रेचरच्या हुकांवर बाभळीच्या फळ्या टाकून दोन बाकं केली, वर काथ्या पसरून मेणकापड ओढलं. दाराची खिटी हिसक्यासरशी उघडायची, ती बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेचा तुकडा ठोकून नवी केली. राहिलं छत. धनगर घोंगड्याला लावतात ती चिंचोक्याची खळ शिजवून त्यानं मांजरपाट चिकटवला. दुपारी पत्रा तापला आणि सगळं छत अंजनाच्या डोक्यावर आलं.

"आवं, मला कफन घालताय का काय?" ती आतून ओरडली.

ज्ञानू पायरीवर बसून विचार करत राहिला. जुन्या भिंतींच्या चुन्यात गूळ घालतात, त्या शंभर वर्षं हलत नाहीत. घरात गुळाची ढेप होतीच. चांगला नारळाएवढा खडा त्यानं खळीत विरघळवला. कापड असं बसलं, की नखानं निघेना. बाकांच्या मेणकापडाच्या कडाही त्यानं त्याच खळीनं चिकटवल्या. मान वर करकरून तीन दिवस त्याला घास गिळता येत नव्हता.

आयतवारी सकाळी चंदनबाला आव्वा काठी टेकत आल्या. अर्धं गाव जमलं होतं. आव्वांनी दारातून डोकं आत घातलं, नाकपुड्या फुगवल्या.

"सरस न्हाई. पर वास कसला गोड येतोय रं?"

मग त्यांनी वर बघितलं. पांढऱ्या छतावर काळी रांग चालली होती. एक नव्हे, सात-आठ. बाकांच्या कडा तर मुंग्यांनी काळ्याभोर झालेल्या. अंजना केरसुणी घेऊन पुढं झाली.

"थांब गं बये! मरतील त्या!" आव्वांनी काठी आडवी धरली. "माज्या बुडाखाली एक मुंगी मेली तरी देवाला काय तोंड दावू? पीठ आना. खाली रेघ वडा. उतरतील."

पीठ आलं. रेघ ओढली. सगळा गाव मुंग्या उतरायची वाट बघत बसला. ऊन वर आलं. नाथाजी हाताची घडी घालून म्हणाला, "ज्ञानबा, तिकिटं फाड की! पाशिंजरं भरल्यात."

लोक फिदीफिदी हसले. ज्ञानू मुंग्यांकडं बघत होता. पिठाकडं दहा उतरत होत्या, छतावर वीस चढत होत्या. गूळ तिथं होता, त्या कशाला खाली येतील? तो उठला, आत शिरला, आणि मेलेल्या माणसाच्या अंगावरचं कापड काढावं तसं कडा ओल्या करत हळूहळू सोडवत सगळं छत उतरवलं. मुंग्यांसकट नेऊन लिंबाच्या फांदीवर वाळत घातलं. मग मेणकापड. मग काथ्या. ओल्या फडक्यानं पत्रा पुसला. एकेक चुकार मुंगी बोटावर घेऊन बाहेर सोडताना त्याचे डोळे मिटत होते.

आत राहिल्या नुसत्या फळ्या आणि उघडा पत्रा. आव्वांनी पुन्हा वास घेतला, फळीवर आपली वाकळ घडी करून टाकली आणि ठाण मांडून बसल्या.

"हां, आता कशी बरी झाली! कशाला रं येवढा खटाटोप केलावतास?"

ज्ञानू खाली उतरला. त्यानं दार लावलं, खिटी ओढून बघितली आणि पुढं चाकाशी जाऊन बसला. धरणेंद्र शेजारी बसत हळूच म्हणाला, "पुढल्या आयतवारी धाकटी काकू. अशीच आन, काय चिकटवू नको."

नाथाजी खिडकीशी आला. तोंड उतरलं होतं. "आनि उसाच्या पान्याचं काय रं?"

"तूच पाज गा दादा," ज्ञानू म्हणाला, "मी लय दमलोय."

आणि त्यानं गाडी पहिल्या गियरात टाकली.