संगं भाकर खाणारा

साळवे सरांना कुठलाही इंग्रजी शब्द भेटला की ते आधी त्याचं माहेर विचारायचे. "माहेर कळल्याबिगर सासरी कसा नांदतोय ते कसं कळंल?" म्हणजे शब्द मूळचा कुठला आणि आता वापरतात कसा. मी गणिताचा मास्तर, मला ही नसती उठाठेव वाटे. पण नव्वदच्या दशकात शिनोलीजवळच्या आमच्या हायस्कुलात आमचे वर्ग शेजारी शेजारी होते, त्यामुळे ऐकणं भागच होतं.

एकदा नववीत 'कंपॅनियन' आला. पलीकडून सरांचा आवाज, "ह्याचं माहेर लॅटिन. 'कोम' म्हंजी संगं, 'पानिस' म्हंजी पाव, आपली भाकर समजा. संगं भाकर खातो त्यो कंपॅनियन. आता कुठल्याबी सोबत्याला म्हणत्यात." एका मुलीनं विचारलं, "सर, तुमचा कोण?"

"शेजारी गणितं घालत्यात ना, ते भोर सर."

मी आधी फुशारलो. मग फळ्यावरचं गणित तसंच राहिलं. दहा वर्षं एका स्टाफरूममध्ये काढली, एक चहा दोघांत प्यायलो. पण डबा? मी मराठ्याच्या घरातला, सर बौद्ध. आम्ही सगळे टेबलाभोवती डबे उघडायचो, सर खिडकीशी वह्या तपासत बसायचे आणि आमचं आटोपलं की जेवायचे. नको, असं कुणी म्हटलं नव्हतं. या, असंही कुणी म्हटलं नव्हतं. हे सुरू कुणी केलं, काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन खिडकीशी गेलो. सर वहीतून मान वर न करता हळूच म्हणाले, "भोर सर, शब्दासाठी जेवू नका. भूक लागंल तवा या."

हे बोलावणं की नकार? मला उलगडेना. मी टेबलाशी परत आलो. वर राग आला तो सरांचाच, हेही खरं.

सर निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांना हार-नारळासकट स्कूटरवरून महाळुंगे पडवळला सोडलं. सत्कार लई लांबला होता, सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. वहिनींनी पाणी दिलं. म्हणाल्या, "भाऊ, पिठलं-भाकर तयार हाय, बसा दोघंबी." सर माझ्याकडे बघत राहिले.

"नको वहिनी, घरी वाट बघत असतील," मी म्हणालो.

घरी कुणी वाट बघत नव्हतं. असं का बोललो, ते मला आजही कळलेलं नाही. सर फाटकापर्यंत आले, "सावकाश जावा" म्हणाले.

वर्षभरात सर गेले. शाळेतल्या शोकसभेत 'सरांचे जिवलग मित्र' म्हणून मला बोलायला बोलावलं. मी उभा राहिलो, आणि तसाच खाली बसलो.