मागच्या सीटवरची सिस्टर

निपाणीजवळ हायवेला लागून तंबाखूची एक जुनी वखार आहे. तंबाखू गेला, वास तेवढा राहिला, आणि त्या वासात आता नागेंद्रशेठनी जुन्या मोटारसायकलींचं संग्रहालय मांडलंय. यल्लव्वा सिस्टर तिथं गेल्या त्या काही हौस म्हणून नव्हे. त्यांच्या नातीनं, ज्योत्स्नानं, मोबाइलवर तिथल्या एका राजदूतचा फोटो दाखवला होता. "आज्जी, नंबर बघ. ही तुझीच न्हवं?" नंबर बघितला आणि म्हातारीचा जीव थाऱ्यावर राहिना. बेळगावहून सकाळचीच बस धरून दोघी आल्या.

सिस्टर खानापूरच्या जंगलपट्ट्यात सरकारी नर्स होत्या. गुंजीच्या आसपासची गावं, वाड्या, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. दवाखान्याचे डॉक्टरसाहेब बेळगावहून यायचे आणि दुपारच्या बसनं परत जायचे. बाळंतपणं काही दुपारच्या बसची वेळ बघून होत नाहीत. अडलेल्या बाईपाशी वेळेत पोचता यावं म्हणून यल्लव्वांनी जुनी राजदूत घेतली. नऊवारीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या, पुरुष तर उघडच हसले. मग त्यांच्याच सुना अडायला लागल्या आणि सगळ्यांची दातखीळ बसली.

त्यांचा नवरा देवाप्पा शाळामास्तर. गाडीला असा भ्यायचा की नुसती किक मारली तरी दोन पावलं मागं सरायचा. पण रानातनं बायकोला एकटीला सोडायचं त्याच्या जिवावर येई. मग पांढऱ्या साडीखाली नवऱ्याचाच पायजमा चढवून सिस्टर पुढं, आणि मांडीवर औषधांची पेटी घेऊन, डोळे गच्च मिटून, "बुद्धं सरणं" पुटपुटत मास्तर मागं. सगळ्या पट्ट्यानं ही जोडी बघितलेली होती.

त्या गावांची रीत मोठी नामी! बारशाला सिस्टरना बोलावणं यायचं. दारात राजदूत थांबली की घरची मालकीण ताट घेऊन बाहेर यायची, गाडीच्या दिव्याला हळदीकुंकू लावायची आणि खण-नारळ सीटवर ठेवायची. सिस्टरच्या हातात नाही, सीटवर. "गाडी धावली म्हणून नातू बघितला गं बाई," असं वर म्हणायची. ज्या हातांनी तो नातू सोडवला ते हात तिथंच, रिकामे. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलत कुणीच नव्हतं. बाई अडली की जात कुणाला आठवत नसे, बाराव्या दिवशी मात्र बरोबर आठवे. सिस्टर तो नारळ घरी आणून चटणी वाटायच्या. नारळाचा काय गुन्हा? पण पाट्यावर वरवंटा असा चालायचा की देवाप्पा पुस्तक घेऊन अंगणात जाऊन बसायचा.

तर आता संग्रहालयात. रांगेनं गाड्या उभ्या, मधे दोऱ्या बांधलेल्या. सिस्टर राजदूतपुढं आल्या आणि थबकल्या. गाडी चकचकीत केलेली, हँडलला झेंडूचा हार. आणि तिच्यावर दोन बाहुल्या. पुढं सूट-बूट घातलेला, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला पुरुष. मागं पांढऱ्या साडीतली बाई, एका अंगाला पाय सोडून बसलेली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. कानडीत, इंग्रजीत आणि खाली बारीक मराठीत पाटी होती. "डॉक्टरसाहेबांची गाडी. याच गाडीवरून ते सिस्टरला मागे बसवून खेडोपाडी बाळंतपणाला जात." तिन्ही भाषांत एकच खोटं!

ज्या डॉक्टरच्या बुटाला त्या रानातला चिखल कधी लागला नाही, तो आज आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला होता. सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शेठला बलवा," त्या राखणदाराला म्हणाल्या.

नागेंद्रशेठ आले. माणूस गोड बोलणारा. सगळं ऐकून घेतलं आणि अजिबात चकित झाले नाहीत, हीच तर खरी चीड आणणारी गोष्ट.

"व्हय की आक्का," ते म्हणाले. "तुमी गाडी इकलीसा त्या खानापूरच्या गॅरेजवाल्या भावकूनं सांगितलंतं मला, नर्सबाईची गाडी म्हणून. पण बघायला येणाऱ्यांना पटाय पायजे न्हवं? त्या काळात साडीतली बाई रानातनं राजदूत पळवत होती म्हटलं तर कोण खरं मानंल? आनी तुमचा मान आमी ठेवलाय की. मागं बसवलंय बघा."

"माझ्याच गाडीवर मला मागं बसवलास?" सिस्टरचा आवाज वखारीच्या पत्र्यापर्यंत गेला. "मागं माझा नवरा बसायचा रं! चांगला शिकलेला मास्तर. त्येला कधी त्येची लाज वाटली न्हाय. तुला कशाची वाटाय लागलीया?"

शेठ हसायला गेले, पण जमलं नाही. चार माणसं थांबून बघायला लागली होती.

सिस्टरनी दोरी उचलली आणि वाकून आत शिरल्या. "आक्का, हात लावू नका, नियम हाय," राखणदार ओरडला. तोवर त्यांनी डॉक्टरसाहेबांची कॉलर धरली होती. बाहुली पोकळच निघाली. एका हिसक्यात खाली आली. ज्योत्स्नानं पुढं होऊन मागची बाई उतरवून भिंतीला टेकवली आणि आज्जीला हात दिला. गुडघे कुरकुरले, पण पाय पलीकडं गेला. दोन्ही हात हँडलवर गेले तशी म्हातारीची पाठ ताठ झाली. डोळे भरून आले होते, ते तिनं पुसले नाहीत.

"उतरा आक्का," शेठ हळू आवाजात म्हणाले. "पाटी बदलतो उद्याच्याला. माणसं बघाय लागल्यात."

"बघू देत. पाटीवर माझं नाव आलं की उतरते."

"पेंटर गावात न्हाय. त्येला बोलवून लिवायचं म्हणजे लई वेळ लागंल."

सिस्टरनी पदर खोचला आणि सीटवर नीट सरकून बसल्या.

"लागू दे की. अडलेल्या बायकांपाशी बसून बसून जलम गेलाय माझा. बाळ बाहेर आल्याबिगर मी कुठनं उठले न्हाय."